पंचवीस-तीस वर्षांच्या संसारानंतर समजुतीने वेगळं होताना (नागपूर)

तर्रीपोहे

लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेली, मुलं मार्गी लागलेली आणि आता भांडणतंटा न करता वेगळं व्हायचं ठरवलेली जोडपी आपल्या शहरात आहेत. त्यांना सल्ला मिळतो तो दोनच तऱ्हेचा. एक, "या वयात कशाला?" आणि दुसरा, "आधी केस टाका, बाकी मग पाहू." दुसरा जास्त महागात पडतो. कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम झाला की नवरा-बायको म्हणून मिळणाऱ्या कितीतरी सोयी त्याच दिवशी संपतात. घराचे कागद, दवाखान्याचं कार्ड, विमा ही कामं हुकमाच्या आधी केली तर थोडक्यात होतात, नंतर तीच लाखांत जातात किंवा होतच नाहीत. म्हणून कामांचा क्रम नीट कळावा यासाठी हा धागा.

ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहा. कागद, रक्कम, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच. घरातल्या गोष्टी, नावगाव इथे नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मारहाण, धमकी, पैसे अडवून ठेवणं असं काही असेल तर "समजुतीने" हा शब्द तिथे लागू होत नाही. तेव्हा १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीने ११२ लावा.

सिव्हिललाइन्स

कोर्टाची बाजू मी मांडतो.

हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ब. परस्पर संमतीचं हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आलं. बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच कायदा लागू आहे. आपल्याकडे बौद्ध पद्धतीने लागलेली लग्नं भरपूर, म्हणून मुद्दाम लिहितो. नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तर विशेष विवाह कायदा १९५४, कलम २८. ख्रिस्ती जोडप्यांसाठी घटस्फोट कायदा १८६९, त्यातलं कलम १०अ. मुस्लिम कायद्यात दोघांच्या संमतीने होतो तो मुबारत.

१३ब मध्ये तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: किमान एक वर्ष वेगळे राहत आहात, एकत्र राहणं शक्य नाही, आणि वेगळं होण्याचं दोघांनी मिळून ठरवलं आहे. अर्ज दोघांचा मिळून एकच. त्यावर दोघांचा कोर्टासमोर पहिला जबाब (फर्स्ट मोशन) होतो. मग अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा जबाब, आणि मग हुकूम. अठरा महिने उलटू दिले तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची पाळी येते. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, वकिलावर सोडू नका.

सहा महिने थांबणं सक्तीचं आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलं की ही मुदत कोर्ट माफ करू शकतं. पण त्याला अटी आहेत. पहिल्या जबाबाच्या आधीच एक वर्ष अधिक सहा महिने, म्हणजे एकूण दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं. समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत. पोटगी, मुलं, बाकीचे वाद खरोखर मिटलेले हवेत. पहिल्या जबाबानंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. म्हणून वेगळं राहायला लागून तेरा-चौदा महिने झाले असतील आणि कागदांची कामं बाकी असतील तर अर्ज टाकायची घाई करू नका. ते चार-पाच महिने कागदांना द्या. दीड वर्ष भरल्यावर अर्ज टाका, मुदतमाफी मागा. एकूण वेळ जवळपास तेवढाच लागतो आणि कामं आधी होतात.

फुटाळा

दोघं एकाच घरात राहतात, एक वर, एक खाली. भाड्याने दुसरं घर घ्यायची ऐपत नाही. वेगळं राहणं धरतात का?

सिव्हिललाइन्स

धरतात. सुरेष्ठा देवी विरुद्ध ओमप्रकाश, सर्वोच्च न्यायालय, १९९१. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. छप्पर एक असलं तरी चालतं. पण विचारलं तर दोघांचं उत्तर एकसारखं हवं: कोणत्या महिन्यापासून वेगळं, चूल वेगळी की एक, खर्च कसा. तारीख खोटी लिहू नका. एकाने दिवाळी सांगितली आणि दुसऱ्याने होळी, तर प्रकरण तिथेच थांबतं.

त्याच निकालातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा: हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पूर्ण रक्कम पहिल्या जबाबाला देऊन मोकळं होऊ नका, आणि सगळी शेवटी देतो म्हणून समोरच्याला ताटकळतही ठेवू नका. समजा पंधरा लाख ठरले, तर पाच पहिल्या जबाबाला आणि दहा दुसऱ्याला, असं अटींमध्येच (दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या समजुतीच्या कागदात) लिहा. डिमांड ड्राफ्ट तीन महिनेच चालतो. सहा महिन्यांनंतरच्या तारखेसाठी आजच काढून ठेवलेला ड्राफ्ट त्या दिवशी शिळा असतो, आणि तारीख वाया जाते.

गोरेवाडा

कोर्ट कोणतं? दोघं आता वेगवेगळ्या गावी असतील तर?

सिव्हिललाइन्स

लग्न जिथे लागलं ते ठिकाण, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले ते ठिकाण, किंवा सध्याचं राहणं, यांपैकी एक नागपूर शहरात असेल तर नागपूरचं कौटुंबिक न्यायालय. काटोल, रामटेक, उमरेडकडचं असेल तर तिकडचं दिवाणी न्यायालय. बाहेरगावी किंवा परदेशी असाल तर दुसरा जबाब व्हिडिओवरून घ्या असा अर्ज करता येतो, परवानगी कोर्टाच्या हातात.

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ नुसार वकील लावणं हा तिथे हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीने वकील उभा राहतो. उत्तरं तुम्हालाच द्यायची असतात. सुनावणी बंद दाराआड घ्या अशी मागणी केली तर तसं होतं, नातेवाईक ऐकतील याची भीती नको.

वकिलाची फी झेपत नसेल तर बाईंना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. फोन १५१००.

महालातली

समुपदेशकासमोर काय होते, ते लिहा ना जी. लोकं त्यालाच जास्त घाबरून राहिले.

संवाद

मी लिहिते. घाबरण्यासारखं काही नाही, पण तयारी हवी.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कायद्याने ठरलेलं काम आहे (कलम ९), त्यामुळे तीस वर्षांचा संसार पाहून ते "पुन्हा विचार करा" म्हणणारच. तो तुमचा अपमान नाही. आधी दोघांना एकत्र बसवतात, मग एकेकट्याशी बोलतात. एकट्याशी बोलताना पाहायचं असतं ते एवढंच: ही संमती स्वतःची आहे की कुणी दडपून घेतली. "तुम्हाला किती रक्कम मिळणार?" असं विचारल्यावर बाई नवऱ्याकडे किंवा दाराकडे पाहायला लागली, तर समुपदेशक पुढची तारीख देतात, आणि ते बरोबरच आहे. आपण सही केलेल्या कागदात काय आहे ते दोघांना तोंडपाठ असायला हवं: रक्कम, तारीख, घर कुणाचं, दागिने कुणाकडे. वकिलाने इंग्रजीत लिहिलं असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

आणि कारण विचारलं की यादी वाचू नका. "आमचं पटत नाही, दोन वर्षांपासून वेगळे राहतो, मुलांना माहीत आहे, हिशेब मिटला आहे." इतकं पुरे. जुन्या तक्रारी उकरल्या की समोरचा उत्तर देतो आणि समजुतीचं प्रकरण भांडणाचं होऊन बसतं.

मानेवाडा

घराच्या कागदांवर मी लिहितो. सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो.

महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुसूची एकमध्ये अनुच्छेद ३४ आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. वर स्थानिक अधिभार, नोंदणी फी काय लागते तो आकडा दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी काढून घ्या. आता लक्ष द्या: ही सवलत "नवरा" आणि "बायको" यांना आहे. हुकूम झाल्यावर तुम्ही एकमेकांचे कुणी नाही. त्याच घराच्या त्याच अर्ध्या हिश्शाला मग बाजारमूल्यावर टक्क्यांनी शुल्क लागतं. साठ लाखांच्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा म्हणजे तीस लाख. त्यावर पाच टक्के धरले तरी दीड लाख गेले. म्हणून बक्षीसपत्र दुसऱ्या जबाबाच्या आधी, नवरा-बायको असतानाच नोंदवा.

"हक्कसोडपत्र करू, स्वस्त पडतं" असं पुष्कळ जण सांगतात. ते वडिलोपार्जित मालमत्तेला. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटचं हक्कसोडपत्र केलं तर त्यावर विक्रीसारखंच शुल्क धरतात. तिथे बक्षीसपत्रच हवं.

कर्ज बाकी असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय काहीच हलत नाही. दोघं सहकर्जदार असतील आणि हुकमात "यापुढे हप्ते नवरा भरेल" असं लिहिलं तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. हप्ता थकला की नोटीस दोघांना. ज्याच्याकडे घर राहणार त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज बसतं का ते बँकेकडून आधी लिहून घ्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असतील तर बहुधा बसत नाही. मग घर विकून वाटणी करणं किंवा फंडातून कर्ज फेडणं, हे दोनच मार्ग उरतात.

आता आपल्या नागपूरचं. रजिस्ट्री झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) फेरफार वेगळा. महापालिकेच्या टॅक्स पावतीवर नाव वेगळं. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) भाडेपट्ट्यावरचा प्लॉट असेल तर नासुप्रमध्ये नामांतरण आणि त्याआधी थकीत भुईभाडं भरणं. नझूलचा (सरकारी जमिनीवरचा) प्लॉट असेल तर त्याची परवानगीची वाट आणखी वेगळी. गुंठेवारीतल्या (मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या) ले-आऊटचा प्लॉट नियमित झाला आहे का, नियमितीकरणाचं पत्र कुणाच्या नावावर आहे, हे पाहिल्याशिवाय "प्लॉट तुला, फ्लॅट मला" असं ठरवूच नका. कागदावर दोन्हींची किंमत सारखी दिसते, पण नियमित नसलेला प्लॉट गरजेच्या वेळी विकला जात नाही. अशा वाटणीत ज्याच्या वाट्याला तो प्लॉट येतो त्याच्यावर अन्याय होतो, आणि बहुधा ती बाईच असते.

फ्लॅट असेल तर आपल्याकडे सोसायटीपेक्षा अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती जास्त. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. ते मूळ कागद कुणाकडे राहणार ते लिहा.

फुटाळा

कोर्टाच्या हुकमातच घराची वाटणी लिहिली तर नोंदणीची गरज पडते का?

सिव्हिललाइन्स

मिळकत अर्जाचा विषय नसेल आणि नुसती अटींमध्ये आली असेल तर संमतीच्या हुकमालाही नोंदणी लागते. नोंदणी कायदा, कलम १७. म्हणून मिळकतीचं पूर्ण वर्णन अर्जातच घाला: मौजा, खसरा, शीट नंबर, प्लॉट, चतुःसीमा. आणि मानेवाडा म्हणतात तसं वेगळं नोंदलेलं बक्षीसपत्र केलं की पुढचा वादच संपतो.

हिशेबवही

आयकराचं मधेच लिहून टाकतो. बायकोच्या नावावर मालमत्ता किंवा ठेव केली की त्या मालमत्तेचं उत्पन्न एरवी नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. पण वेगळं राहण्याच्या कराराच्या संदर्भात दिलेली मालमत्ता यातून वगळलेली आहे. त्यामुळे बक्षीसपत्रात "आपुलकीपोटी" एवढंच छापील वाक्य न ठेवता वेगळं राहण्याच्या कराराचा आणि त्याच्या तारखेचा उल्लेख करा. एका ओळीचं काम आहे, वर्षानुवर्षांची कटकट वाचते.

एकरकमी पोटगी भांडवली जमा धरतात, तिच्यावर कर नाही. दरमहाची पोटगी मात्र घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल तसा आहे. एकरकमीच्या ठेवीवरचं व्याज अर्थातच करपात्र.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना जोडखात्याने फक्त नवरा-बायकोलाच घेता येते आणि त्यातली पूर्ण रक्कम पहिल्या नावाची मानली जाते. "आपल्या दोघांचे तीस लाख" असं बोलण्यात असलं तरी पोस्टाच्या लेखी ते एकाचेच. वाटणीच्या तक्त्यात ते कुणाच्या रकान्यात टाकायचं ते आधी ठरवा.

तक्ता कसा करायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी उत्पन्न, मालमत्ता, देणी यांच्या शपथपत्राचा नमुना ठरवून दिला आहे. समजुतीच्या प्रकरणात कोर्ट मागो न मागो, तोच नमुना दोघांनी घरी भरून एकमेकांना द्या. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडा. चार महिन्यांनी एखादी विसरलेली मुदतठेव सापडली की "लपवलं" हा शब्द येतो, आणि तिथून गाडी रुळावरून घसरते.

काटोलरोड_पेन्शनर

दवाखाना आणि पेन्शन. कृपया हे पूर्ण वाचा, कारण यात चूक झाली तर दुरुस्ती नाही.

नागपुरात केंद्र सरकार, रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), आयुध निर्माणी यांचे निवृत्त खूप. यातल्या बहुतेकांच्या जोडीदाराचा दवाखाना "पती/पत्नी" या नात्यावर चालतो. हुकूम झाला की सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) कार्ड त्या जोडीदारापुरतं बंद. रेल्वेचा, वेकोलिचा निवृत्तीनंतरचा दवाखानाही जोडीदाराला त्या नात्यावरच मिळतो. कुटुंब निवृत्तिवेतनाचं तसंच: घटस्फोट झालेल्या बायकोला नवऱ्यामागे ते मिळत नाही. त्याने मनापासून लिहून दिलं तरी मिळत नाही, कारण तो हक्क नियमाने ठरतो, मृत्युपत्राने नाही.

बाई साठीची, मधुमेह, रक्तदाब, स्वतःची नोकरी नाही, अशी परिस्थिती असेल तर दोन मार्ग तपासा. पहिला, घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्तता, हिंदू विवाह कायदा कलम १०. वेगळं राहण्याला कोर्टाची मान्यता मिळते, लग्न मात्र कायम राहतं. केंद्राच्या पेन्शन नियमांत "पत्नी" या शब्दात न्यायिक विभक्त पत्नी येते. आपल्या विभागाचा नियम पेन्शन शाखेकडून लेखी विचारून घ्या, तोंडी नको. कुणालाच पुन्हा लग्न करायचं नसेल तर या मार्गाचा विचार जरूर करा.

दुसरा मार्ग, घटस्फोटच हवा असेल तर आरोग्य विम्याची सोय आधी. दोघांची मिळून फ्लोटर पॉलिसी असेल तर ती मोडू नका. नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी कंपनीला लिहून दोन वेगळ्या पॉलिसी करून मागा. जुन्या आजारासाठी थांबण्याची जी वर्षं जुन्या पॉलिसीत भरली, ती दोघांच्याही हिशेबात धरली जातात. नवी काढली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हा तीन वर्षांचा हप्ता आणि दरम्यानचा औषधांचा खर्च एकरकमी पोटगीत धरा. तो आकडा कुणीच धरत नाही. सत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत.

आणि एक, फार थोड्यांना माहीत असलेलं. बाईंचे वडील केंद्र सरकारचे पेन्शनर होते आणि आई किंवा वडील हयात आहेत, तर घटस्फोटाचा अर्ज त्यांच्या हयातीत दाखल होणं महत्त्वाचं. २०१७ च्या आदेशानुसार अर्ज त्यांच्या हयातीत दाखल झाला असेल तर हुकूम नंतर झाला तरी घटस्फोटित मुलगी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पात्र ठरू शकते, उत्पन्नाच्या आणि अवलंबून असण्याच्या अटी धरून. आई नव्वदीला टेकली असेल तर अर्जाची तारीख पुढे ढकलताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

इतवारी

दागिन्यांबद्दल. स्त्रीधन हे बाईचंच, वाटणीत येत नाही. पण "सगळे दागिने दिले" एवढंच वाक्य अटींमध्ये असलं की भांडणाला जागा राहते. दोघांनी मिळून एकदा सराफाकडे जावं. एकेक नग काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यायचं: चपलाहार एक, वजन इतके ग्रॅम; पाटल्या जोड एक, वजन इतके; मंगळसूत्र, मण्यांसकट वजन इतके, सोनं अंदाजे इतके. मण्यांचं, लाखेचं, खड्यांचं वजन सोन्यात धरायचं नाही, जुन्या पाटल्यांमध्ये लाख भरपूर असते. मोडून नवीन केलेल्या नगाची जुनी पावती असेल तर जोडा. लॉकर दोघांच्या नावाने असेल तर ज्या दिवशी उघडाल त्याच दिवशी यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि लॉकर एका नावावर करा.

महालातली

महालक्ष्म्यांचं कुणीच नाही बोललं. कायद्यात त्याला जागा नाही, पण आपल्याकडे भादवा आला की घरात पहिला प्रश्न तोच. मुखवटे कुणाकडे? पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आपल्या महालक्ष्म्या, तीन दिवसांच्या. ज्या घरात तीस वर्षं तिने सोळा भाज्या, आंबील, पुरण केलं त्या घरातून ती निघाली की मुखवटे पेटीत पडून राहतात, नाहीतर जाऊ "आता आमच्याकडे द्या" म्हणते.

यावर दोघांनी आधी बोलावं आणि अटींच्या कागदासोबत एक साधा कागद करावा. मुखवटे सासरच्या कुळाचाराचे असतील तर बहुधा तिकडेच राहतात. तिने स्वतः घेतलेल्या साड्या, दागिने, लाकडी कोठ्या, बाळं यांचं काय, ते लिहावं. मुलगा-सून करणार असतील तर ती जेवणाच्या दिवशी येणार का, सुनेला आंबील शिकवायला आदल्या दिवशी येणार का, हेही विचारून घ्यावं. ओशाळवाणं वाटते, पण विचारलं नाही तर पहिल्याच वर्षी सगळी घरं बिनसतात.

तसंच मुलीच्या लग्नाचं. कन्यादानाला कोण बसणार? आई-वडील दोघंही बसू शकतात, घटस्फोटाने आई-बाप बदलत नाहीत. "लग्नाचा खर्च दोघांनी करावा" असं मोघम लिहू नका. किती, आणि कुणाच्या खात्यातून, ते लिहा.

संवाद

महालातली ताईंनी फार मोलाचं लिहिलं. मुलांबद्दल थोडं जोडते. मुलं तिशीची असली तरी त्यांना दोघांनी एकत्र बसून सांगा, एकाच दिवशी. पुण्या-बंगळुरूला असतील तर दोघं एकाच फोनवर. एकाने आधी सांगितलं की मूल बाजू घेतं, आणि मग दोन वर्षं निरोप्याचं काम करतं. "बाबांना सांग टॅक्स भरला का" असले निरोप मुलांकरवी पाठवू नका. त्यासाठी दोघांचा एक ई-मेल ठेवा, त्यात फक्त कागद आणि पैसे.

आधाराचं म्हणाल, तर पहिले सहा महिने सकाळ आणि संध्याकाळ या दोन वेळा जड जातात. चहाची वेळ आणि जेवणाची. त्या वेळा आधीच बांधून ठेवा. अंबाझरीला किंवा आपल्या भागातल्या बागेत सकाळी फिरणाऱ्यांचे गट असतात, ज्येष्ठ नागरिक मंडळं जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. झोप उडणं, जेवण सुटणं, नकोसं वाटणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, बोला, चोवीस तास, मराठीतही, पैसे लागत नाहीत. प्रत्यक्ष दाखवायचं तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची मानसोपचार ओपीडी आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनसुद्धा आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

पुरुष बहुधा सांगतच नाहीत. "मी ठीक आहे" म्हणतात आणि महिनाभरात वजन उतरलेलं असतं. मित्रांनी "काय झालं" विचारू नये, जेवायला बोलवावं; आणि एकदाच नाही, दर बुधवारी.

गोळ्यांचा कागद विसरू नका. पुष्कळ घरांत दोघांच्याही गोळ्या एकालाच माहीत असतात. कोणती, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, शेवटची तपासणी केव्हा, डॉक्टर कोण, हे एका पानावर लिहून समोरच्याला द्या. वेगळं होताना एकमेकांसाठी करण्यासारखं हे फार चांगलं काम आहे.

फुटाळा

शिधापत्रिका आणि गॅस?

मानेवाडा

जुन्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, त्यावर नवी. गॅसचं जोडणीपत्र ज्याच्या नावावर तो घर सोडणार असेल तर आधी दुसऱ्याच्या नावावर करा, नाहीतर सबसिडी आणि नोंदणीचा ओटीपी भलत्याच मोबाइलवर जात राहतो. विजेचं बिल, पाण्याचं बिल, तसंच.

गोरेवाडा

लग्न १९९२ चं आहे, नोंदणीच नाही. पत्रिका सापडत नाही. बाईंचं नाव लग्नात बदललेलं, आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. आणि नातेवाईक म्हणून राहिले की कोर्टात कशाला जाता, स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहा.

सिव्हिललाइन्स

उलट क्रमाने उत्तर देतो. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नाही. एखाद्या समाजात रूढीने फारकतीची पद्धत असेल तर कायदा तिला मान देतो (कलम २९), पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नुसत्या सोडचिठ्ठीवर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं आणि गुन्हाही होतो. मेल्यानंतर वारसाहक्काचा वाद मुलांच्या गळ्यात पडतो तो वेगळाच.

नावासाठी "अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती" असं शपथपत्र करा आणि अर्जाच्या शीर्षकातच दोन्ही नावं "ऊर्फ" लावून घ्या. हुकमात एकच नाव आलं तर पुढे बँक, पासपोर्ट, पोस्ट सगळीकडे अडतं.

लग्नाच्या पुराव्याला फोटो, मुलांच्या जन्मदाखल्यावरची आई-वडिलांची नावं, जुनी शिधापत्रिका, लग्नाला हजर असलेल्यांची शपथपत्रं चालतात. महापालिकेच्या झोन कार्यालयात जुन्या लग्नाची नोंदणी उशिरानेही होते. घटस्फोटासाठी आधी लग्न नोंदवायचं हे चमत्कारिक वाटेल, पण काही प्रकरणांत तोच सरळ मार्ग असतो.

तर्रीपोहे

हुकूम हातात आल्यानंतर काय काय, तेवढं कुणी लिहा. बाकी बरंच आलं.

हिशेबवही

नक्कल अर्ज त्याच दिवशी टाका, प्रमाणित प्रती चार घ्या. झेरॉक्स कुठेच चालत नाही आणि एक प्रत एखाद्या कार्यालयात अडकली की बाकीची कामं खोळंबतात.

मग नॉमिनीच्या नोंदी. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बँक, डिमॅट, म्युच्युअल फंड, आयुर्विमा, प्रत्येक ठिकाणी नवं नामनिर्देशन. घटस्फोटाने जुनं नाव आपोआप उडेल या भरवशावर राहू नका. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी असेल तर ती बायकोच्या विश्वस्त निधीसारखी असते, नवऱ्याला एकट्याने बदलता येत नाही. ती कुणाची धरायची ते आधी अटींमध्येच यायला हवं.

बाईंनी नाव बदललंच पाहिजे असं नाही, लग्नानंतरचं नाव ठेवता येतं. बदलायचं असेल तर राजपत्रात नोंद करून मग आधार, बँक, पासपोर्ट या क्रमाने. पॅनवर वडिलांचं नाव असतं, नाव बदललं नसेल तर त्याला हात लावायची गरज नाही.

मृत्युपत्र आधी केलेलं असेल तर ते घटस्फोटाने रद्द होत नाही. जुन्यात सगळं बायकोच्या नावाने लिहिलं असेल तर ते तसंच लागू राहतं. पुष्कळांना ते तसंच ठेवायचं असतं, तेही चालतं. पण मग नव्या तारखेने पुन्हा लिहा, तिच्या आजच्या नावाने, आणि "घटस्फोट झाला असूनही" हे शब्द त्यात घाला. दोन साक्षीदार, शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान. सहदुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवलं तर मुलांना नंतर शोधत फिरावं लागत नाही.